महापालिकेच्या उच्च प्राथमिक शाळेत दहा महिने : एका पालकाचा अनुभव

माझी मुलगी जून २०२४ पासून महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या, सेमी-इंग्रजी शाळेत सहावीत शिकते आहे. शाळा मुंबई महानगर प्रदेशातील एका शहरात आहे. तिचे नाव मी देत नाही, कारण येथे लिहिलेल्या बहुतेक गोष्टी त्या एका शाळेपुरत्या नाहीत, आणि तेथील शिक्षकांनी माझ्या मुलीसाठी जे केले त्याबद्दल मी त्यांची मनापासून ऋणी आहे. प्रवेश घेण्यापूर्वी असा कोणाचा तरी सविस्तर अनुभव वाचायला मिळावा म्हणून मी बरीच शोधाशोध केली होती. जे मिळाले ते एकतर सरसकट नावे ठेवणारे होते, नाहीतर कार्यक्रमाच्या बातमीसारखे होते. आता दुसरे सत्र संपत आले आहे, तेव्हा मलाच लिहिले पाहिजे असे वाटले.

आम्ही सातारा जिल्ह्यातून आलो. तेथे मुलगी पाचवीपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळेत होती. त्या शाळेत पोलीस पाटलांची नात, दुकानदाराचा मुलगा आणि ऊसतोड करणाऱ्या कुटुंबातली मुले एकाच वर्गात बसत. रंगकामासाठी गावाने वर्गणी काढली होती, आणि शिष्यवृत्तीच्या जादा तासाला बाई सकाळी सात वाजता हजर असत. माझी बँकेतली बदली झाल्यावर शहरातही सरकारी शाळाच पाहायची, हे आमच्या घरी फारशी चर्चा न होता ठरले. शेजारच्या काकूंना ते सांगितले, तेव्हा त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "अहो, पण मुलगी हुशार आहे ना तुमची?" त्या मायेनेच विचारत होत्या. त्या एका प्रश्नात शहरातल्या महापालिका शाळेची सारी पत मला कळली. अभ्यासक्रम तोच, बालभारतीची पुस्तके तीच, शिक्षकांची पात्रताही तीच. तरीही गावात जी शाळा सर्वांची असते, ती शहरात ज्याला दुसरे काही परवडत नाही त्याची ठरते.

यात एक गोष्ट माझ्या आधी लक्षात आली नव्हती. त्याच वर्षी, ९ फेब्रुवारी २०२४ रोजी, राज्य सरकारने शिक्षण हक्काच्या, म्हणजे खासगी शाळांत गरीब व वंचित घटकांतल्या मुलांसाठी असलेल्या २५ टक्के राखीव जागांचा नियम बदलला होता. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर तेथील खासगी विनाअनुदानित शाळेला राखीव जागा देण्याची गरज नाही, असा तो बदल होता. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे रोजी त्याला स्थगिती दिली आणि १९ जुलै रोजी तो रद्द केला. आमच्या इमारतीतील दोन कुटुंबे त्या काळात हवालदिल झाली होती. घराजवळ मोफत सरकारी शाळा असणे हे त्यांना संकट वाटत होते, आणि सरकारच्या त्या नियमाला सरकारी शाळांच्या हिताचे म्हणणारा एकही पालक मला भेटला नाही. ज्या शाळेत जाणे भाग पडते तिच्याविषयी कोणाला आपुलकी वाटेल, हे मला पटत नाही.

प्रवेशाच्या दिवशी प्रभारी मुख्याध्यापिकांनी मुलीचा दाखला हातात घेतला, शेरा वाचला आणि सर्वांत आधी विचारले, "आधार व्यवस्थित आहे ना? नाव, जन्मतारीख दाखल्याप्रमाणेच आहे ना?" तेव्हा मला हा प्रश्न कोरडा वाटला होता. पुढे समजले की शिक्षकांची संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर होणार हे, पटसंख्येवर ठरते, आणि आधार जुळले नाही तर मूल वर्गात रोज बसूनही त्या हिशेबात धरले जात नाही. त्यांच्याकडे परप्रांतातून आलेल्या, दर दोन वर्षांनी खोली बदलणाऱ्या कुटुंबांची मुले अधिक आहेत, म्हणून त्या प्रत्येक नव्या पालकाला हेच विचारतात. माझी मुलगी त्यांच्यासाठी सहावीचा सत्ताविसावा पट होती. सातवीत चोवीस मुले होती आणि आठवीत एकोणीस.

या आकड्यांचा अर्थ मी वर्षभर शिकत गेले. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी पस्तीस मुलांमागे एक शिक्षक हवा, आणि विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे व भाषा या तिन्हींसाठी किमान एकेक शिक्षक हवा. पट शंभरच्या वर असेल तर पूर्णवेळ मुख्याध्यापक आणि चित्रकला, शारीरिक शिक्षण व कार्यानुभव यांच्यासाठी अंशकालीन निदेशक मिळतात. आमच्या शाळेतील या तीन वर्गांचा पट सत्तर आहे. म्हणजे तीन शिक्षक, त्यांतल्याच एका बाईंकडे मुख्याध्यापकपदाचा प्रभार, आणि चित्रकलेला व खेळाला कोणी नाही. हे सर्व नियमाला धरूनच आहे. बाहेरून येणारा पालक मात्र नियम पाहत नाही. त्याला दिसते ते एवढेच की समोरच्या खासगी शाळेत कराटे आहे, गायनाचा तास आहे, स्नेहसंमेलन आहे, आणि येथे खेळाच्या तासाला मुले मैदानात नुसती धावत आहेत. तो परत जातो आणि पट आणखी एकाने कमी होतो.

तीन शिक्षकांच्या शाळेतील एक शिक्षक बाहेर गेला म्हणजे काय होते, हे मला मुलीच्या गणिताच्या वहीने दाखवले. गणित आणि विज्ञान शिकवणारे सर उत्तम आहेत. पूर्णांक संख्यांची बेरीज-वजाबाकी त्यांनी जिन्याच्या पायऱ्यांवर मुलांना वर-खाली चालवून शिकवली होती, आणि मुलगी घरी येऊन आम्हाला आमच्या इमारतीच्या जिन्यात तेच करून दाखवत होती. त्यांच्याकडे मतदार यादीचे काम होते. ऑगस्टपासून ते आठवड्यातून दोन-तीन दिवस नसत, आणि विधानसभेची निवडणूक जवळ आली तसे ते जवळजवळ दिसेनासेच झाले. मतदान २० नोव्हेंबर २०२४ रोजी झाले. वहीत २७ सप्टेंबरच्या तारखेखाली अपूर्णांकांच्या गुणाकाराची तीन उदाहरणे आहेत, चौथे अर्धवट आहे, आणि पुढच्या पानावर तारीख आहे २५ नोव्हेंबर. मधल्या काळात सहामाही परीक्षा आणि दिवाळीची सुट्टी होती हे खरे. तरी भागाकार माझ्या मुलीला मी घरी शिकवला. ज्या मुलांच्या घरी शिकवायला कोणी नव्हते त्यांचा भागाकार मार्च उजाडेपर्यंत कच्चाच होता, कारण सरांनी परत येताच पुढचे प्रकरण घेतले. त्यांच्यापुढेही दुसरा मार्ग नव्हता, कारण अभ्यासक्रम पुरा करायचा होता.

कायद्यातील २७व्या कलमाने शिक्षकांना शाळाबाह्य कामे देण्यास मनाई केली आहे, पण जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक ही कामे त्या मनाईतून वगळली आहेत. लोकशाहीचे काम कोणी तरी केले पाहिजे हे मला मान्य आहे, पण पन्नास शिक्षक असलेल्या संस्थेतून दोघे गेले आणि तीन शिक्षकांच्या शाळेतून एक गेला, या दोन गोष्टी सारख्या नव्हेत. पाचवीपर्यंत वर्गशिक्षक सर्वच विषय शिकवतात, त्यामुळे एक बाई नसल्या तर दुसऱ्या बाई वर्ग सांभाळून घेतात. सहावीपासून विषय सुटे होतात. भाषेच्या बाई गणिताच्या तासाला बसल्या तरी त्या फार तर शांतता राखू शकतात. प्राथमिक वर्गांपेक्षा हे मधले वर्ग पालकांच्या मनातून लवकर उतरतात, याचे हे मला दिसलेले पहिले कारण आहे.

दुसरे कारण मुलींचे आहे आणि ते बोलून दाखवायला पालक संकोचतात. सहावी-सातवी हे मुलींची पाळी सुरू होण्याचे वय आहे. शाळेच्या इमारतीत सकाळी एका माध्यमाची शाळा भरते आणि दुपारी दुसऱ्या, दोन्ही सत्रांच्या मुली तीच स्वच्छतागृहे वापरतात, आणि जून महिन्यात त्यांतल्या एकाच दाराला आतून कडी होती. माझी मुलगी पहिले दोन महिने घरून निघताना पाणी पीत नसे, हे मला फार उशिरा कळले. मैत्रिणी आळीपाळीने दाराबाहेर उभ्या राहत. मी शाळा व्यवस्थापन समितीत गेले. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या सदस्य महिला असाव्या लागतात. आमच्या समितीत त्या होत्याही, पण सभा कामाच्या दिवशी दुपारी असल्यामुळे धुणीभांड्याची किंवा कारखान्यातली नोकरी करणारी आई येऊ शकत नसे. सभा शनिवारी संध्याकाळी घेतल्यावर अकरा जणी आल्या. पत्र लिहिले, पाठपुरावा केला, आणि डिसेंबरमध्ये सर्व दारांना कड्या, झाकणाचे डबे आणि दोन सत्रांच्या मध्ये एकदा सफाई एवढे झाले. आता पाणी नियमित असते. कड्या बसवण्याचे काम प्रत्यक्षात अर्ध्या दिवसाचे होते. त्यासाठी सहा महिने लागले, आणि त्या सहा महिन्यांत सातवीतील दोन मुलींचे दाखले निघाले.

चांगले जे मिळाले तेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. शुल्क नाही. पुस्तके पहिल्या दिवशी हातात मिळाली, आणि २०२४-२५ च्या पुस्तकांत धड्यांबरोबर नोंदींसाठी कोरी पाने होती, त्यामुळे वह्यांचा खर्चही कमी झाला. मधल्या सुट्टीतला आहार केंद्रीय स्वयंपाकगृहातून डब्यांत येतो. सहावी ते आठवीच्या मुलांसाठी त्यात ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिने असावीत असा नियम आहे, आणि मसालेभाताच्या दिवशी मुलगी घरचा डबा तसाच परत आणते. विज्ञानाची छोटी प्रयोगपेटी आहे, आणि ती कपाटात बंद नसते, वापरली जाते. वाचनालयाची पेटी मराठीच्या बाई दर शुक्रवारी वर्गात उघडतात आणि मुलांना पुस्तक निवडायला पूर्ण तास देतात. माझ्या मुलीने या वर्षात एकवीस पुस्तके वाचली, तिच्या आधीच्या कोणत्याही वर्षापेक्षा जास्त. शिक्षक डी.एड., बी.एड. झालेले आहेत. शेजारच्या एका छोट्या खासगी शाळेत शिकवणाऱ्या तरुणीने मला सांगितले की तिचे बी.एड. व्हायचे आहे आणि तिचा पगार आमच्याकडच्या सुरक्षारक्षकापेक्षा कमी आहे. शिकवण्याच्या गुणवत्तेवरून पालक शाळा सोडतात हे मी ऐकले होते. आमच्या शाळेपुरते सांगायचे तर सर वर्गात असतात त्या दिवशी शिकवणे चांगले असते.

आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची, म्हणजे एनएमएमएसची परीक्षा असते. ती उत्तीर्ण होऊन निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. त्यासाठी मूल सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत असावे लागते आणि पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असावे लागते. विनाअनुदानित शाळेतल्या मुलाला हे मिळत नाही. आमच्या भागातले कितीतरी रिक्षाचालक आणि विक्रेते पोटाला चिमटा घेऊन खासगी शाळेचे शुल्क भरतात, आणि त्यांना या परीक्षेचे नावही माहीत नाही. शाळेच्या फाटकावर ही माहिती ठळक लिहिलेली असायला हवी, असे मी समितीत सुचवले आणि बाईंनी दुसऱ्याच आठवड्यात फळा लावला.

एवढे सगळे असूनही कुटुंबे का येत नाहीत, याचे मला सापडलेले सर्वांत मोठे कारण शाळेच्या भिंतींच्या आत नाही. जानेवारीत मी मुलीच्या नववीची चौकशी करायला निघाले. आमची शाळा आठवीला संपते. महापालिकेच्या माध्यमिक शाळा शहरात मोजक्या आहेत, आणि जवळची शाळा रेल्वे रुळांच्या पलीकडे आहे. मग मी परिसरातल्या तीन अनुदानित हायस्कूलांत गेले. तिन्हीकडे साधारण एकच उत्तर मिळाले : प्रवेश पाचवीला होतात, थोडे आठवीला होतात, नववीला जागा रिकामी झाली तर पाहू. एका लिपिकाने रजिस्टर मिटत मला समजावले, "ताई, पाचवीलाच टाकायचं असतं. मग दहावीपर्यंत बघायला नको."

महाराष्ट्रातली शाळांची जुनी रचना पहिली ते चौथी, पाचवी ते सातवी आणि आठवी ते दहावी अशी होती. हायस्कूले पाचवीपासून किंवा आठवीपासून मुले घेत, आणि सातवी झालेले मूल सरळ आठवीत जाई. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवी हा उच्च प्राथमिक टप्पा ठरवला. त्यानुसार अनेक शाळांना आठवीचा वर्ग जोडला गेला, पण हायस्कूलांचे दरवाजे जुन्याच इयत्तांना उघडत राहिले. त्यामुळे आमच्या शाळेतले मूल आठवी पास होऊन बाहेर पडते तेव्हा ते अशा इयत्तेच्या दारात उभे असते जेथे कोणाचेच प्रवेश सुरू नसतात. जाणते पालक हे ओळखतात आणि मुलाला चौथीनंतरच हायस्कूलमध्ये टाकतात. त्यांची मुले गेली की मागे उरतात ती ज्यांच्यासाठी रांगेत उभे राहायला कोणाला सुट्टी मिळत नाही अशांची मुले. मग उरलेल्यांवरून शाळेची पत ठरते आणि काकू विचारतात, मुलगी हुशार आहे ना.

पालकांना इंग्रजीचे वेड लागले आहे, प्रतिष्ठा हवी आहे, असे नेहमी म्हटले जाते. इंग्रजीची ओढ आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही, आणि मराठी शाळांवर तिचा आघात झालाच आहे. पण मी ज्या पालकांशी बोलले त्यांतल्या बहुतेकांनी आधी पुढच्या वर्षांविषयी विचारले : हे सर पुढच्या वर्षी असतील का, पट कमी झाला म्हणून त्यांना अतिरिक्त ठरवून दुसरीकडे समायोजन होईल का, शाळा शेजारच्या शाळेत मिळवणार आहेत असे ऐकतो ते खरे का, आणि आठवीनंतर काय. मोलमजुरी करणाऱ्या आईलाही आपल्या मुलाची दहावीपर्यंतची वाट दिसायला हवी असते. खासगी शाळा वाईट शिकवत असली तरी ती दहावीपर्यंत आहे, हे तिला फाटकावरच्या पाटीवर वाचता येते.

ही वाट दिसली की पालक येतात, याचा दाखला मुंबईतच आहे. मुंबई महापालिकेने २०२० मध्ये जोगेश्वरीच्या पूनमनगरात सीबीएसईची शाळा सुरू केली आणि पुढे अशा शाळा वाढवल्या. तेथे बालवर्गापासून प्रवेश असतो आणि दरवर्षी एक इयत्ता पुढे वाढवत दहावीपर्यंत न्यायचे धोरण असते. या शाळांत जागांपेक्षा अर्ज जास्त येतात आणि सोडत काढावी लागते. महापालिका तीच आहे. मंडळ बदलले आणि इंग्रजी आले, हे त्यामागचे कारण नक्कीच आहे, पण एकदा मूल घातले की दहावीपर्यंत चिंता नाही, ही खात्रीही तितकीच मोठी आहे. ती खात्री राज्य मंडळाच्या मराठी शाळेला देता येणार नाही असे काही नाही. त्यासाठी नवी इमारत लागत नाही, एखाद्या माध्यमिक शाळेशी जोडणी लागते आणि ती लेखी लागते.

नोकरी करणाऱ्या पालकांसाठी आणखी एक अडचण थोडक्यात सांगते. शाळा दुपारी साडेबाराला सुटते. त्यानंतर संध्याकाळपर्यंत मूल कुठे राहणार, याची सोय शाळेत नाही, कारण वर्गात दुसरे सत्र भरते. आमच्याकडे सासूबाई आहेत म्हणून निभावले. ज्यांच्या घरी कोणी नाही त्यांची मुले शिकवणीत बसतात, आणि मोफत शाळेतल्या मुलाची शिकवणी महिन्याला किती पडते याचा हिशेब केला की काहीजण शुल्क असलेल्या शाळेकडे वळतात.

कोणी या जूनमध्ये अशी शाळा पाहायला जाणार असेल, तर रंग, संगणक कक्ष किंवा बाके पाहून निर्णय घेऊ नका. गणिताची मागच्या वर्षीची एखादी वही मागून घ्या आणि तारखा पाहा. मुलींच्या स्वच्छतागृहात स्वतः जाऊन या. किती शिक्षकांकडे मतदार यादीचे काम आहे ते विचारा. आणि मागच्या वर्षी आठवी झालेली मुले आज नक्की कोणत्या शाळेत आहेत, हे मुख्याध्यापकांना विचारा. आमच्या बाईंनी मला एकोणीसपैकी चौदा मुलांची नावे आणि शाळा तोंडपाठ सांगितल्या. उरलेल्या पाच मुलांविषयी विचारल्यावर त्यांनी रजिस्टर उघडले, बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, "यांचे दाखले कोणी न्यायलाच आलेले नाहीत."

मार्चच्या सभेत समितीने ठराव केला की आमच्या शाळेतून आठवी होणाऱ्या प्रत्येक मुलाला महापालिकेच्या माध्यमिक शाळेत नववीचा प्रवेश अर्जाशिवाय मिळावा, आणि रुळांपलीकडे जाण्यासाठी बसची सोय व्हावी. पत्र शिक्षण विभागात दिले आहे आणि आवक क्रमांकाची प्रत माझ्याकडे आहे. मुलगी सातवीला याच शाळेत राहणार आहे. त्या पाच मुलांपैकी दोघांची घरे शोधून आम्ही दाखले पोहोचवले. तिघांचे पत्ते बदलले आहेत, त्यांचा शोध सुरू आहे.